मधले चार किलोमीटर

नकाशा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या आरेखक बाईला त्या वर्षी एकाच गोष्टीने झपाटलं होतं. डोंगराच्या पायथ्यापायथ्याने, एकाही मोटारीचं तोंड न पाहता, सायकलवरून अठ्ठावन्न किलोमीटर जाता आलं पाहिजे. साहेबांनी सांगितलं होतं ते एवढंच, की सायकलवाल्यांसाठी एक घडीचा नकाशा काढा. पण हिने ते फारच मनावर घेतलं. लाकूडतोडीसाठी पूर्वी केलेले खडीचे रस्ते, बंद पडलेल्या कालव्याचा काठ, मेंढ्या नेण्याच्या वाटा, एकेक तुकडा तिने स्वतः सायकल मारून पाहिला आणि नकाशावर हिरव्या शाईने जोडत आणला. पूर्वेकडची रेघ खोऱ्याच्या तोंडापर्यंत आली, पश्चिमेकडची खिंडीपर्यंत. आणि तिथेच घोडं अडलं. मधे चार किलोमीटर राहिले. तेवढ्या भागात हमरस्त्याशिवाय दुसरी वाटच नव्हती.

"चार किलोमीटरचं काय एवढं घेऊन बसलात?" साहेब म्हणाले. "कडेकडेने जातील लोक. तुटक रेघ मारा आणि शुक्रवारी छपाईला पाठवा."

त्या कडेने ती गेली होती. दगड भरलेले ट्रक एकामागोमाग एक अंगावर येत होते, आणि एकाच्या नुसत्या वाऱ्याने ती सायकलसकट चरात पडली होती. कोपर सोलवटलं, ते भरूनही आलं. पण तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई. कुणीतरी आपल्या पोराला मागे बसवून, तिच्या हिरव्या रेघेवर भरवसा ठेवून, गाणं गुणगुणत येतंय आणि वळणावर थेट ट्रकच्या पुढ्यात उभं राहतंय. तुटक रेघ मारायला हात धजेना.

बुधवारी कचेरी सुटल्यावर ती आत्याकडे गेली, ती आत्याच्या गुडघ्यांचं औषध पोचवायला. आत्याने एकोणतीस वर्षं पायथ्याच्या वस्त्यांवर सायकलवरून टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी जिभेची धार तशीच होती. स्वयंपाकघरात बसून ती मटार सोलत होती. भाचीच्या काखेतली गुंडाळी तिने पाहिली.

"हे काय, भिंतीला लावायचा कागद आणलास?"

"नकाशा आहे, आत्या. माझं अडलंय."

"मग नकाशालाच विचार की."

तरी तिने चष्मा लावला. भाचीने कागद पसरला, कोपऱ्यावर मटारचं पातेलं ठेवलं. आत्याने सगळा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखालून घातला. मग तिने एका निळ्या रेषेवर बोट टेकवलं.

"हा ओढा कुणी काढला? पाणी चढाला लागलंय की तुमच्याकडे!"

भाचीने वाकून पाहिलं. खरंच, उंचीचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. कचेरीत अकरा वर्षं हाच मूळ नकाशा वापरात होता आणि कुणाच्या बापाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"आणि इथून वाट आहे," आत्याचं बोट आता कोऱ्या जागेवर फिरत होतं. "पाणचक्कीवाल्याच्या घरावरून मेंढरांच्या कुंपणाकडे, आणि मग थेट खिंडीत. पाणचक्कीवाल्याची लेक परदेशात. आठवड्याला दोन पत्रं यायची म्हाताऱ्याला."

"पण विमानातून घेतलेल्या फोटोंत तर तिथे काहीच दिसत नाही."

"विमान कुठे पत्र टाकायला थांबतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची सायकल घेऊन दारात आली, तेव्हा आत्याने आपली सायकल भिंतीवरच्या खुंटीवरून उतरवून, चेनला तेल देऊन तयार ठेवली होती.

"आत्या, तू नुसती वाट सांग. डॉक्टर काय म्हणालेत?"

"पायऱ्या चढू नका म्हणालेत. सायकलचं नावही काढलं नाही त्यांनी."

खोऱ्याच्या तोंडाशी डांबर संपलं तशी आत्या थांबली. अंगठ्याने तिने भाचीचं टायर दाबून पाहिलं आणि काही न विचारता त्यातली हवा सोडायला लागली. "दगडासारखी चाकं केलीयेस. दगडावर दगड आपटला की हाडं खिळखिळी होतात. चाक जरा दबलं पाहिजे."

भाची सहा महिने हाडं खिळखिळी करून घेत होती. आता खडीवरून सायकल अशी निघाली, की तिचं तिलाच हसू आलं. पुढे आत्या सावकाश, एका लयीत चालली होती. कमरेपासून वर तिचं अंग हलत नव्हतं. हँडल तिने असं सैल धरलं होतं, जसं झोपलेल्या बाळाचं मनगट धरावं. चढ आला तरी ती उठून उभी राहिली नाही, की धापा टाकल्या नाहीत.

"कान दे," ती मान न वळवता म्हणाली. "करकर वाजतेय तोवर खडी बसलेली आहे, बिनधास्त जा. खळखळ वाजली की सुटलेली. तिथे ब्रेकला हात लावायचा नाही."

एक टेकाड ओलांडलं आणि ट्रकची घरघर दार लावून घेतल्यासारखी बंद झाली. डावीकडे डोंगर सरळ वर गेला होता, उजवीकडे उतारावर पिवळं गवत होतं, आणि मधून ती फिकट वाट नागमोडी चालली होती. इतक्या वेळा हा डोंगर तिने कागदावर काढला होता, पण त्याच्या इतकं जवळ ती कधी आली नव्हती.

पुढे मात्र तिने पाय टेकला. वाट एका सखल जागी उतरून दिसेनाशी झाली होती. काळपट गवत, लव्हाळी, जागोजागी चमकणारं पाणी. सरळसरळ दलदल. ती खाली उतरली. आत्या मात्र वेग कमी न करता आत शिरली आणि गवतातून पार पलीकडे गेली.

भाचीही भीत भीत मागोमाग निघाली. चाक रुतलं नाही. ती मधेच थांबली, गुडघ्यावर बसली आणि गवत बाजूला सारलं. खाली मुठीएवढे दगड एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, त्यांच्यावर बारीक खडी दाबलेली. दोन्ही कडांना उभे दगड रोवलेले, आणि पाणी निथळावं म्हणून मधला भाग किंचित उचललेला. चांगली दोनशे पावलं.

"आत्या, हे कुणी केलं?"

"तुला काय करायचंय?"

"आत्या!"

"रोज रोज चिखलातून सायकल खांद्यावर कोण नेणार?" आत्या जरा वैतागूनच म्हणाली. "जाताना पिशवी भरलेली, येताना रिकामी. पाणचक्कीपाशी ओढ्यात दगडांना तोटा नव्हता. येताना घ्यायचे चार-सहा, आणि इथे बसवायचे."

"किती वर्षं?"

"निवृत्त होईपर्यंत. आणि टपालखात्यात बोलू नकोस कुठे. माझ्याच पिशव्या लवकर का फाटतात, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

घरात आत्याचं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. फटकळ, एककल्ली, एवढंच सगळे म्हणत. लहानपणी भाचीने स्वतःही म्हटलं होतं.

खिंडीच्या अलीकडे कुंपण होतं आणि फाटकाला कुलूप. कुत्रा भुंकत आला, पाठोपाठ मेंढरांचा मालक.

"इथून रस्ता नाही," तो म्हणाला. मग त्याने निरखून पाहिलं. "टपालबाई? तुम्ही अजून...?"

"अजून जिवंत आहे. कुलूप कशाला लावलंस?"

"मग काय करू? हिंडायला येणारे फाटक उघडं टाकून जातात. गेल्या वर्षी दोन कोकरं हमरस्त्यावर गेली माझी."

त्याचं चुकत नव्हतं, आणि आत्याने ते तोंडावर कबूलही केलं. मग तिने वरची बिजागरी बोटाने दाखवली. "ही दोन बोटं आत घे. फाटक कलतं राहील आणि आपल्या वजनाने आपोआप मिटेल. कुणी विसरायचा प्रश्नच नाही." भाचीने वहीच्या पानावर बिजागरीचं चित्र काढलं, मापं टाकली आणि कचेरी हे काम करून देईल असं लिहून खाली सही ठोकली. साहेबांना न विचारता. मालकाने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि कुलूप काढलं.

शुक्रवारी तिने सगळं सांगितलं तसे साहेब भडकले. "सरकारी कागदावर नसलेल्या वाटेवर मी लोकांना पाठवू? आणि ती सही कुणाला विचारून केलीत?"

"मग उद्या येऊन बघा, साहेब. वाट वाईट निघाली तर मी स्वतः तुटक रेघ मारीन."

साहेब आले. पहिल्याच मोठ्या चढाला ते उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले; आत्या पुढे जाऊन, एक पाय टेकवून, सभ्यपणे भलतीकडेच बघत थांबली. दलदलीशी मात्र साहेब एकाएकी खाली बसले. कचेरीत येण्याआधी वीस वर्षं त्यांनी रस्तेच बांधले होते. त्यांनी कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उपटायचा प्रयत्न केला. दगड हलला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई," ते आत्याला म्हणाले, आणि आवाजातली साहेबी पार गेली होती, "खालचा थर कसा बसवलात हो? पाणी काढलंत कुठून?"

"बसा, सांगते," आत्या म्हणाली.

अर्धा तास दोघं काटक्यांनी मातीत चर आणि उतार काढत, कधी वाद घालत बसली होती. भाची बाजूला उभी राहून ऐकत होती. आत्याला इतकं भरभरून बोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला कुणी इतकं मन लावून विचारतानाही पाहिलं नव्हतं.

नकाशा तीन आठवडे उशिरा छापला गेला. रेघ अखंड हिरवी होती, आणि ओढ्याचं पाणी उताराला लागलं होतं. त्या पट्ट्यावर आत्याचं नाव घालायचं भाचीच्या मनात होतं, पण आत्याने साफ उडवून लावलं. "नाव घातलंस तर एक दगड निखळला की लोक माझं दार ठोठावतील."

वाट खुली झाली त्या रविवारी भाचीने अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न किलोमीटर एकटीने पार केले. दुपारी खिंडीत बसून ती सफरचंद खात होती. खालून एक बाई आणि तिच्या तीन मुली सायकली दामटत येत होत्या. सर्वांत पुढे कोणी राहायचं यावरून त्या तिघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि अख्ख्या खोऱ्यात दुसरा आवाज नव्हता.