तिसऱ्या ओळीवरची रेघ

विषय : गावच्या युद्धस्मारकावरील तिसरी ओळ कोरी ठेवणेबाबत.
संदर्भ : तोमिना फ्लेट यांचा अर्ज, मे १९४८.

सदर स्मारकाचा दगड, म्हणजे मीच, बोलतोय. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या खाणीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी चुलीमागे ऊब घेत आयुष्य जाईल. पण लढाई संपली, समिती बसली आणि माझ्या वाट्याला चर्चबाहेरचा वारा आला.

नावं आडनावांच्या अक्षरक्रमानं, असा ठराव झाला. तिसरी ओळ मॅन्सी फ्लेटची. तो नौदलाच्या विमानात बंदूक चालवायचा. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ विमान नाहीसं झालं. आधी तार आली, ‘बेपत्ता’. मग कागद आला, ‘मृत समजावे’.

“समजावे म्हणजे?” त्याच्या आईनं, तोमिनानं विचारलं. “पाहिलं कुणी?”

“सरकार तसं समजतं, तोमिना,” समितीचे स्पेन्स मास्तर म्हणाले.

“सरकारला त्याच्या बुटाचं माप समजलं नव्हतं, मास्तर. दोनदा परत पाठवले त्यानं.”

तरी कोरायचा दिवस उजाडला. रेंडल पाथरवटानं पहिली उभी रेघ मारली. दुसरा घाव पडणार, तोच तोमिनानं छिन्नीपुढे तळहात टेकवला. हातोडा वरच राहिला.

“हात काढ गं. बोटं जातील.”

“जाऊ देत. कोरलेलं पुसता येतं का तुला? तो घरी आला तर काय दाखवू?”

दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला नुसता घाम फुटला. तिच्या तळहातातली नाडी मला लागत होती.

रेंडलनं हातोडा हळूच खाली घेतला. “अर्ज दे,” तो पुटपुटला. “अर्ज आला की काम थांबतं. मास्तरांचाच नियम.”

माझ्याच पाठीवर कागद टेकवून तिनं अर्ज लिहिला.

निर्णयाला समितीचे तिघंही हजर लागतात. मास्तर येतात, पाद्रीबुवा येतात. तिसरा आर्ची इस्बिस्टर. त्याचा मुलगा माझ्या चौथ्या ओळीत आहे. बैठकीच्या दिवशी आर्ची नेमका खेकड्यांचे सापळे उचलायला समुद्रावर असतो.

“आजसुद्धा?” मास्तरांनी एकदा धक्क्यावर गाठून विचारलं.

“खेकड्यांना तारखा कळत नाहीत, मास्तर.”

याला अकरा वर्षं झाली. दर रविवारी तोमिना येते, रेघेतलं शेवाळ नखानं काढते. आर्चीनं परवा होडी विकली, म्हणून धास्ती वाटते. पुढची बैठक गुरुवारी आहे. कुणीतरी त्याला दिवसभर होडी उसनी द्यावी, ही नम्र विनंती.

तिसऱ्या ओळीत एक उभी रेघ आहे. पुढे कोरं. अर्ज प्रलंबित आहे.