अपडेट चालू आहे, टीव्ही बंद करू नका

मिस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्या धंद्यातून एकच नियम घरी आणला. ज्या यंत्रासमोर माणूस नाही, ते भिंतीवरच्या बटणाने बंद. रिमोटच्या भरवशावर राहायचं नाही. हा नियम न पाळणाऱ्या एका सोबत्याची तीन बोटं त्यांनी डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो नियम बायकोला सांगितला आणि पुढची चाळीस वर्षं उठताबसता घोकून घेतला. मिस्त्रीणबाई आधी कुरकुरल्या, पण नंतर तो इतका अंगवळणी पडला, की पाहुण्यांनी चार्जिंगला लावलेले मोबाइलही त्या येताजाता बंद करायच्या.

आता मिस्त्री निवृत्त झाले होते आणि त्यांचे डोळे जात होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "मधलं दिसणं गेलंच आहे. कडेचं महिनाभर टिकलं तर नशीब. जे बघायचंय ते बघून घ्या."

मिस्त्रींना बघायचं होतं ते एकच, चिमीचं तोंड.

चिमी त्यांची एकुलती एक लेक. लांबच्या देशात नवी नोकरी, वर्षभर रजा नाही. डोळ्यांबद्दल तिला अवाक्षर कळता कामा नये, अशी त्यांनी बायकोला शपथ घातली होती. "कळलं तर नोकरीवर पाणी सोडून धावत येईल. आणि येऊन करणार काय? घासूनपुसून देणार आहे का माझे डोळे?"

मोबाइलवर चिमी म्हणजे त्यांना नुसता धुरकट ठिपका. पण रविवारी टीव्हीवर तिचा कॉल लागला, की ते पडद्यापासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसत आणि मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने तिचं नाक, हनुवटी, गालावरची खळी असं तुकड्यातुकड्याने गोळा करत. चिमीला वाटायचं, बाबांना ऐकू कमी येतंय. म्हणून ती बिचारी ओरडून बोलायची.

आणि नेमकं त्याच महिन्यात टीव्हीने हात वर केले. कॉल लावायला गेलं, की पाटी यायची: टीव्ही अपडेट केल्याशिवाय हे चालणार नाही. बरं, अपडेट करायला जावं, तर तोच शहाणा म्हणायचा, नवीन अपडेट उपलब्ध नाही. कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं, "जुनं मॉडेल आहे काका. आमच्या साइटवरून फाइल घ्या, पेनड्राइव्हवर टाका आणि टीव्हीला लावा."

मिस्त्रीणबाईंनी टीव्हीच्या मागे टॉर्च धरून मॉडेलचा नंबर वाचला. मधलं ते ओ की शून्य, यावर नवराबायकोची अर्धा तास जुंपली. शेवटी नाक्यावरच्या झेरॉक्सवालीने दोन्ही लावून पाहिलं आणि शून्य ठरवलं. तिने दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला दिसेचना, कारण फाइल एका फोल्डरच्या आत होती. मिस्त्री पुन्हा गेले, जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपत. पाच आठवड्यांपूर्वी हेच मिस्त्री एकेक पायरी गाळून उतरायचे.

बुधवारी दुपारी टीव्हीने फाइल ओळखली. मिस्त्रीणबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मिस्त्रींनी पडद्याला नाक टेकवून डोळ्याच्या कडेने अक्षरं वाचली: अपडेट चालू आहे, टीव्ही बंद करू नका. नऊ टक्के. चौदा टक्के. त्यांना हसूच आलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. रविवारी चिमीला म्हणायचं, जरा पुढे ये, अजून पुढे, आणि पोटभर बघून घ्यायचं.

तेवढ्यात डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. थेंब घातले, की दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं, हा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. तो मोडायची त्यांची छाती नव्हती. ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

मिस्त्रीणबाईंनी आपल्या किल्लीने दार उघडलं. अपडेटच्या मध्येच टीव्ही आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता, त्यामुळे पडदा काळा होता, खाली तांबडा दिवा लुकलुकत होता, समोरचं स्टूल रिकामं.

आतल्या खोलीत मिस्त्रींना बटणाचा आवाज आला, टक. त्यांना लगेच कळलं. ओरडण्यात अर्थ नव्हता, म्हणून ते ओरडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून थेंब कानाकडे ओघळत राहिले, औषधाचे आणि बाकीचेही.

बायको स्वयंपाकघरात गेल्यावर ते उठले आणि बटण सुरू केलं. तांबडा दिवा लागला, पण पुढे काही नाही. पेनड्राइव्ह काढला, घातला, बटण मिनिटभर दाबून धरलं. व्यर्थ. "फाइलच खराब निघाली," त्यांनी बायकोला सांगितलं. मिस्त्रीणबाईंनी झेरॉक्सवालीचा उद्धार केला आणि मिस्त्रींनी तो मुकाट्याने ऐकला.

कंपनी म्हणाली, बोर्ड बदलावा लागेल, मागवायला सहा आठवडे. नव्या टीव्हीचे पैसे डोळ्यांच्या इंजेक्शनांत कधीच विरघळले होते. रविवारमागून रविवार मिस्त्री मोबाइलवरच्या ठिपक्याशी बोलले. मग ठिपकाही गेला. उजेड म्हणजे खिडकी आणि अंधार म्हणजे भिंत, एवढंच कळायचं उरलं.

बोर्ड सातव्या आठवड्यात आला. तो बसवता बसवता कारागीर सहज बोलून गेला, "अपडेट चालू असताना कोणीतरी बटण बंद केलं असणार. दुसरं काही नाही."

तो गेल्यावर मिस्त्रीणबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "अहो, मीच ते. त्या दिवशी भाजी घेऊन आले तेव्हा. तुम्हाला माहीत होतं?"

"बटण तुझं, नियम माझा," मिस्त्री म्हणाले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. सोडून दे."

त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन दिवस जेवल्या नाहीत.

रविवारी टीव्हीवर कॉल लागला. मिस्त्रीणबाईंनी मिस्त्रींना स्टुलावर नेऊन बसवलं, रिमोटचं बटण दाबून दिलं आणि लेकीसमोर रडू फुटेल म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"बाबा! लागला की टीव्ही!" चिमीचा आवाज खोलीभर घुमला.

मिस्त्रींनी सवयीने मान वाकडी केली. समोर काहीतरी उजळ होतं, गोलसर, चेहऱ्याएवढं. त्यांनी तेच धरलं आणि तोंडभर हसले.

"लागला ना! किती दिवसांनी बघतोय तुला. वाळलीस गं थोडी. पण छान दिसतेस."

पलीकडून आवाज आला नाही. मिस्त्री हसतच राहिले. लाइन तुटली असेल, असं त्यांना वाटलं.

"बाबा," चिमी म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. "मी कॅमेरा अजून लावलाच नाहीये. तुमच्यासमोर नुसता माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराचा पिवळा गोल आहे."

स्वयंपाकघरात काहीतरी हातातून पडलं.

"कधीपासून, बाबा?"