डब्यातला चिचोका

मी डबा बोलतोय. साधा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. अंगावर 'सौ. अनुसयाबाई' असं नाव कोरलेलं आहे. ज्यांनी ऐकायला हवं ते ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

गोंदियाच्या बाजारात भांडेवाल्याने मशीनने ते नाव कोरलं, तेव्हा मला चांगल्याच गुदगुल्या झाल्या होत्या. अनुसयाबाईंनी मला गावभर नाचवलं. लाडू, पापड घेऊन जायचो आणि रिकामा कधी परतायचो नाही. मूठभर साखर, चार मिरच्या, काहीतरी असायचंच. "भांडं रिकामं धाडू नये," असं त्या आपल्या दोन्ही लेकरांना, मंजूला आणि इंद्रकुमारला, सांगायच्या.

इंद्रकुमार जन्मापासून अधू. आज तिशीचा आहे, पण पाय ओढत चालतो आणि बोलतो चारच शब्द. त्यातला एक 'मंजू'. चिंचेचे चिचोके ही त्याची इस्टेट, कापडी पिशवीत सदा गळ्याशी. माझ्यातलं खाऊन झालं की तो एक चिचोका आत टाकायचा. माझ्या पाहण्यात एवढा दिलदार माणूस दुसरा नाही.

अनुसयाबाई गेल्या. मंजू गोंदियाजवळच्या गोरेगावला नांदत होती. चोरखमारा गावातल्या चुलत्याने, जीवनलालने, धावपळ करून पालकत्वाचा कागद आपल्या नावावर केला. इंद्रकुमार त्याच्या घरी गेला, आणि इंद्रकुमारच्या वाट्याचं धानाचं वावरही त्याच्या ताब्यात गेलं. दिवाळीनंतर मंजूला फाटकाच्या आत येणं बंद झालं.

"काऊन भेटू देत नाही, काका?"

"तुले पाहून बिथरते तो. डबा दे न जाय. कागद माह्या नावाचा आहे."

मंजूने गोंदियाच्या कचेरीत भावाला भेटू देण्यासाठी अर्ज दिला. साहेबांनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. तोवर दर रविवारी ती एसटीने यायची, फाटकाशी उभी राहायची आणि आत फक्त मी जायचो, भोपळ्याच्या गोड घाऱ्या घेऊन.

जीवनलालची बायको, शकुंतलाकाकी, मला मागच्या खोलीत इंद्रकुमारपुढे आदळायची. तो वास घेऊन "मंजू" म्हणायचा. घाऱ्या संपल्या की काकी मला न उघडता, न धुता परत द्यायची. मंजू बसस्टॉपवर झाकण काढायची, चिचोका दिसला की तिच्या जिवात जीव यायचा. "बरा आहे माहा भाऊ," असं स्वतःलाच सांगायची. घरी तिने असे अकरा चिचोके जपून ठेवलेत.

बरा कुठला! एका रविवारी त्याच्या अंगठ्याला निळी शाई होती. पुढच्या रविवारी खोलीला बाहेरून कडी होती. मागच्या खेपेला तो एवढासा चिचोका टाकायला त्याला तीनदा हात उचलावा लागला. हे सारं मी पाहिलं आणि तिला सांगू शकलो नाही. मेला डब्याचा जन्म!

आज काकी मागच्या खोलीकडे गेलीच नाही. घाऱ्या तिने गाईपुढे टाकल्या. अंगणातल्या दगडावर मला लख्ख घासलं. तिथून खोलीचं दार दिसत होतं, सताड उघडं. खाट भिंतीला उभी केलेली. भुईवर ओलं सारवण. चिचोक्यांची पिशवी खुंटीला.

मग काकीने चांगल्या घरची रीत पाळली. मूठभर तांदूळ घालून मला फाटकावर दिलं.

"जेवला पोटभर. आता झोपून राहिला."

स्टॉपवर बस आली होती. मंजूने झाकण काढलं. तांदळात बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग सगळे तांदूळ पदरात ओतून पाहिले. चिचोका नव्हता. कंडक्टर हाका मारत राहिला आणि ती उलटी धावत सुटली.

आता ती फाटकाच्या पत्र्यावर मला आपटते आहे.

"काका! माहा भाऊ कुठी आहे?"

आतून कुणी ओ देत नाही. समोरच्या घराची खिडकी लागली, शेजारच्या घराचीही. माझं बूड चेपलं, नावाची अक्षरं वाकडी झाली. होऊ देत. आपट पोरी, थांबू नको.

अहो, कुणीतरी या. खाट उभी आहे आणि त्याची पिशवी अजून खुंटीलाच आहे.