शून्याचं बटण

हिरवा आकडा आज पुन्हा घसरला होता... टेबलावरच्या, वायू मोजणाऱ्या काड्यापेटीएवढ्या यंत्रात सकाळी उगाचच चढलेला असायचा आणि दुपार कलेपर्यंत आपला आपणच खाली यायचा, खोलीत विषारी वायूचा मागमूस नसताना — रुचिताला त्याचा आता रागच येऊ लागला होता. बोर्ड धुऊन झाला, घामाचं बोट लागू नये म्हणून हातमोजे झाले... की आपल्याला हे येतच नाही? आणि बाहेर आकाराम येऊन बसलेला. कोडोलीचा, गोबर गॅसच्या टाक्या उपसणारा. तिने बनवलेलं पहिलं यंत्र त्याच्या कमरेला होतं, दुसरं भावासाठी हवं होतं.

"चल की गं जेवायला, दिवस बुडाय लागला. मेन बंद करतो," दारातून तिचे वडील, आप्पा, म्हणाले.

सूर्यास्ताआधी जेवण आणि उठताना वर्कशॉपचा मेन स्विच खाली — जन्मापासून पाहिलेलं, इतकं पाहिलेलं की दिसेनासं झालेलं. म्हणजे रोज रात्रभर सेन्सर बिनविजेचा! म्हणून सकाळी त्याला ताळ्यावर यायला अर्धा दिवस लागतो... म्हणजे चूक माझी नव्हतीच! तिला हसू फुटलं. आप्पांवर तिने मनातल्या मनात चिडूनही घेतलं.

पण वीज नसताना सेन्सरची दोन टोकं जोडून त्याला ताळ्यावर ठेवणारा चिमुकला ट्रान्झिस्टर... तो तिनेच वगळला होता. माझं यंत्र बंद कशाला होईल, या गुर्मीत.

"आकाराम, तुम्ही यंत्र बंद करता का?"

"व्हय की! काम झालं की बंद. बॅटरी वाचत्या. सकाळी जरा चढल्यालं असतंय, मग शून्याचं बटण दाबायचं आन् उतरायचं."

चढलेल्या आकड्यालाच हा शून्य ठरवतो. मग सेन्सर मुकाट खाली सरकतो, आणि टाकीत खरोखर वायू साठला तरी समोर... शून्यच. किती टाक्यांत उतरला असेल हा, माझ्या भरवशावर?

"ते यंत्र द्या इकडं. उद्या उतरू नका."

आकाराम हसला. त्याचा हात कमरेवरच राहिला. "आसं कसं ताई? शून्य दावलं की बिनघोर उतरायचं, तुमीच सांगितलंय की."

आप्पांनी मेन खाली ओढला. टेबलावरचा आकडा विझला, तरी रुचिता तिथेच बघत राहिली — आयुष्यात पहिल्यांदाच तिला शून्याची भीती वाटत होती.