लेकीच्या घरचं पाणी

अमरावती मागं पडली तरी नागपुरात उतरायचं कुठं, हे काही गाडीत ठरेना. मागच्या सीटवर अर्जुनराव खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि कौशल्याबाई समोरच्या काचेकडे. अर्जुनरावांची खामगावात कापसाची जिनिंग होती, गेल्या दिवाळीला नवीकोरी अॅम्बॅसिडर घेतलेली होती आणि येत्या वैशाखात थोरल्या पोरीचं लग्न होतं. नागपूरच्या इतवारी बाजारातून शालू-पैठण्या घ्यायच्या, तीन दिवसांचं काम. कौशल्याबाईंचं म्हणणं असं, की सख्खा भाऊ धंतोलीत बंगला बांधून बसलाय आणि आपण लॉजात उतरलो तर चार लोक काय म्हणतील? अर्जुनरावांचं म्हणणं, मेव्हण्याच्या घरी खोकायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागते. मेव्हणे महादेवराव वकील होते, आणि बिडी-सिगारेटचा वास आला तर जेवणाच्या पानावरही कलमं वाचून दाखवत.

गाडी चालवत होता मोतीराम. चौदा वर्षं झाली त्याला या घरी. आधी सरकीचा ट्रक, मग जीप, आता ही गाडी. चौदा वर्षांत मालकानं त्याला डावं-उजवं पुष्कळदा विचारलं होतं, पण कुठं राहायचं हे कधी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरला ते कोण विचारतो? लोक उतरतात, ड्रायव्हर गाडी लावतो.

तळेगावला चहासाठी थांबले तेव्हा मात्र अर्जुनराव बायकोला कंटाळून त्याच्याकडे वळले.

"मोतीराम, तू ट्रक घेऊन येत होता ना नागपूरले? मंग तूच सांग, कुठी उतराव?"

आता खरं तर याचं उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं. आधी गाडीची जागा पाहावी, मग आपली, हा त्याचाच नियम. जिनिंगमधल्या नव्या ड्रायव्हरांना तो हाच पाठ द्यायचा. धंतोलीच्या बंगल्याला लोखंडी फाटक होतं, पत्र्याची शेड होती, चौकीदार होता. तिथं गाडी एकदा आत घेतली की ड्रायव्हर संध्याकाळपासून मोकळा. पण त्या घडीला मोतीरामला फाटक आठवलं नाही. त्याला सिंधू आठवली.

सिंधू त्याची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी नागपुरात दिली होती. जावई हिंमतराव कापडाच्या गिरणीत होता आणि शुक्रवारी नावाच्या तलावामागच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचा. लग्नानंतर मोतीराम एकदा तिला पोचवायला गेला होता, भर मे महिन्यात. जीभ टाळूला चिकटली होती. सिंधूनं तांब्या पुढं केला, तर यानं हात मागं घेतला. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही घरातली रीत. त्यानं रस्त्यावरच्या नळाला तोंड लावलं आणि दारात उभी राहून सिंधू रडली होती. तेव्हा तो म्हणाला होता, नातू होऊ दे, मग पाटावर बसून पोटभर जेवीन तुझ्या हातचं. नातू झाला, माहेरीच झाला आणि तीन महिन्यांचा होऊन नागपूरला गेलाही. आता वर्षाचा होत आला होता. मोतीरामला मात्र त्या पाटावर बसायला चार दिवसांची सुटी मिळाली नव्हती.

"शुक्रवारी तलावाजवळ एक लॉज हाये, मालक," तो म्हणाला. "हवेशीर हाये. पाण्याची तर बिलकुल कमी नाई."

लॉज त्यानं ट्रकच्या खिडकीतून पाहिला होता, तेवढाच. पण मेव्हणा टळतोय म्हटल्यावर अर्जुनरावांना तेवढी साक्ष पुरली. कोंढाळीचा घाट चढताना मोतीराम चक्क शीळ घालत होता.

लॉजपुढं गाडी थांबली आणि शीळ घशात अडकली. दोन मजली इमारत, दार थेट रस्त्यावर. ना अंगण, ना फाटक. अर्जुनरावांनी खाली उतरून मागंपुढं पाहिलं आणि विचारलं, गाडी कुठी लावाची? मोतीरामला तोंड वर करवेना. रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब होता, त्याच्याकडे त्यानं बोट दाखवलं.

"मंग तू गाडीतच राह्य," अर्जुनराव म्हणाले. "तीन दिवस गाडी सोडून हलाचं नाई. नवी गाडी हाये, पोट्टे ओरखडे काढतीन."

आणि सिंधूची चाळ तिथून दिसत होती! तलावाच्या कडेनं दोनशे पावलं, फार तर अडीचशे. तिसऱ्या दारावर वाळत घातलेलं पोराचं झबलंसुद्धा ओळखू येत होतं. पहिल्याच संध्याकाळी तो कोपऱ्यापर्यंत गेला, तर वरच्या गॅलरीतून मालकांची हाक आली. माघारी आला तो स्टिअरिंगपुढं बसून राहिला. मालक तसे वाईट नव्हते. लेक राहते मागं, जाऊन येऊ का, असं म्हटलं असतं तर कदाचित पाठवलंही असतं. पण मग लॉज कशासाठी सुचवला हे त्यांना कळलंच असतं. मालकानं चौदा वर्षांत एकदा विश्वासानं विचारलं आणि यानं आपली पोळी भाजून घेतली, असंच झालं असतं ना! वरून कौशल्याबाईंचा आवाज येतच होता. गादीत ढेकूण आहेत, पंखा किरकिरतो, पाणी करंगळीएवढं येतं, कोणी सांगितला हा लॉज? त्या प्रत्येक वाक्यासरशी मोतीरामचं तोंड आणखी घट्ट बंद होत गेलं. दिवसा इतवारीत दुकानापुढं गाडीत, परतल्यावर कडुनिंबाखाली गाडीत. चैत्राच्या उन्हानं टप तापायचा आणि पांढऱ्या कव्हरांना डाग नको म्हणून जेवायचं तेवढं बाहेर, फूटपाथवर उकिडवं बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू नळावर आली आणि तिनं बाप ओळखला. घागर तिथंच टाकून, पोराला काखेत घेऊन ती आली. मोतीरामनं बायकोनं, रुक्मिणीनं, घरून दिलेलं गाठोडं काढून दिलं, नातवाला खिडकीतून आत घेतलं, त्याचे हात स्टिअरिंगवर ठेवले. पोरगं खदखदून हसलं.

सिंधू म्हणाली, घरी चला. त्यानं हकीगत सांगितली. लेकीपुढं सांगतानाही त्याला लाज वाटली.

"मंग मी येथी आणू का ताट?" तिनं विचारलं आणि उत्तराआधी स्वतःच मान हलवली. "नाई बाबा. मी माह्या बापाले रस्त्यावर नाई वाढत. पाट मांडून ठेवतो. तुमी या."

त्या दिवशी तिनं पुरण घातलं. तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा घातलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. सामान डिकीत गेलं आणि मोतीरामनं बॉनेट उघडलं. इंजिनाला पाणी पाहिजे होतं आणि लॉजचा नळ सकाळपासून कोरडा ठाक. पाण्याची कमी नाही असं त्यानंच सांगितलं होतं. ती थाप उघडी पडली, पण तेच आज त्याच्या कामी आलं.

"मालक, मागच्या चाळीत नळ हाये. डबाभर पाणी आणू?"

"जाय. मी बसतो गाडीत. पाच मिनिटांत ये."

ऑइलचा रिकामा डबा घेऊन तो कोपऱ्यापर्यंत शहाण्यासारखा चालला आणि मग धोतर सावरत पळाला. सिंधूनं पाट मांडलेलाच होता. त्यानं पाय धुतले, टोपी सारखी केली आणि पाटावर बसला. तिनं तांब्या-फुलपात्र ठेवलं, ताट पुढं ओढलं, पोळीवर हात घातला आणि हॉर्न वाजला. मग दुसऱ्यांदा. मग लांब, सुटेचना. तो दाबणारा हात मोतीराम ओळखत होता.

"वाढू नको," तो म्हणाला. "वाढल्या ताटावरून उठाव लागीन."

"पाणी तरी प्या, बाबा."

त्यानं तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाला, असं पळतापळता पिण्यासाठी नव्हतो थांबलो तीन वर्षं, पुढच्या वेळी येईन तो बसून पिईन. सिंधूनं घागर डब्यात ओतली आणि वर तो तांब्याही ओतला.

"गाडीले तरी पिऊ द्या," ती म्हणाली.

अर्जुनराव घड्याळ पाहत बसले होते. मोतीरामनं इंजिनात पाणी ओतलं, बॉनेट लावलं, उरलेला अर्धा डबा डिकीत ठेवला. चाळीवरून जाताना त्यानं मान वळवली नाही, कारण आरशात मालक दिसत होते.

कोंढाळी गेली, कारंजा गेलं. मागच्या सीटवर नवरा-बायकोचं आता एकमत झालं होतं. नागपूरचं नाव नको. धाकटीच्या लग्नाला खरेदी इंदूरलाच करायची. मोतीराम समोरचा रस्ता पाहत ऐकत होता. पुढची वेळ आता येणार नाही, हे त्याला तिथंच कळलं.

तळेगावला पुन्हा चहाला थांबले. दोघं हॉटेलात गेले. मोतीरामनं डिकी उघडली, डबा काढला. टोपी काढून बाजूला ठेवली, सडकेच्या कडेला बाभळीखाली नीट मांडी घालून बसला आणि डबा तिरपा करून ओंजळ भरून घेतली. पाण्याला ऑइलचा वास होता. तो सावकाश प्याला. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्याला.

अर्जुनराव दारातून ओरडले, "काऊन बे, गाडीचं पाणी काऊन पिऊन राह्यला? येथी माठ भरला हाये ना."

"राहू द्या, मालक," मोतीराम म्हणाला. "हे चांगलं हाये."

आणि डब्यात काही उरू नये म्हणून त्यानं तो उलटा धरला.