नकाशात न दिसलेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. माणसांची नव्हे, मालाची. चार मजली दुकानाच्या मागच्या अंगाला एका अरुंद, उभ्या विहिरीत माझा लोखंडी पिंजरा लोंबकळतो. वर जायचं, खाली यायचं, बस्स. पलीकडचा रस्ता कसा दिसतो ते मला ठाऊक नाही.

दुकान भांड्यांचं आणि घरगुती यंत्रांचं. मला बसवलं तेव्हा माझं भारी कौतुक झालं. मला चालवणारे लिफ्टमनकाका दर सोमवारी माझ्या जाळीच्या दाराला तेल घालत. तासाला चार-पाच फेऱ्या झाल्या की आम्ही दोघं निवांत असायचो.

मग मालकांनी ठरवलं, गिऱ्हाईक दुकानात येवो की फोनवरून मागवो, माल त्याला झटपट मिळाला पाहिजे. पण एवढा माल ठेवायचा कुठे? जागा निवडायला एक मॅडम आल्या. त्यांनी टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि प्रत्येक वस्तीचं अंतर मोजलं. शहराबाहेर एक बैठी शेड होती, ती लांब पडत होती. आमची इमारत बरोबर मध्यावर. ठरलं, खाली दुकान आणि वरच्या दोन मजल्यांवर गोदाम.

"मॅडम, रस्ते मोजलेत. मजले मोजलेत का?" काकांनी विचारलं.

"अहो काका, मजल्यांचं असं कितीसं अंतर? पंधरा मीटर," मॅडम हसल्या.

अंतर बरोबर होतं. पण त्या पंधरा मीटरांवर मी एकटीच होते.

नवा माल वर, घरपोच ऑर्डरी खाली, मध्येच दुकानाला हवा असलेला मिक्सर. चारही मजल्यांवरून घंटा वाजत. खाली घरपोच माल नेणारी माणसं हेल्मेट घालून ताटकळत. तीनशे किलोंच्या जागी चारशे भरू लागले. मी कण्हायचे. लोक म्हणायचे, जुनी झाली, कुरकुरणारच. ओझं कमी करा, असा काकांनी लेखी अर्ज दिला. तो कुणी वाचण्याआधीच एका दुपारी, काका जेवायला गेलेले असताना, मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले.

आत पॅकिंगवाल्या ताई होत्या, खोक्यांच्या चळतीत अंग चोरून उभ्या.

सुपरवायझरने वरून जाळीला तोंड लावलं. "ताई, कुकरची ऑर्डर तुमच्याकडेच ना? फटीतून सरकवता येतेय का बघा. माणूस खोळंबलाय."

"आणि मी काय हवा खायला बसलेय? एक वाजता पोरीची शाळा सुटते. इथून फोन लागत नाही. बाईंना सांगा, तिला वर्गातच ठेवा. मी दिसले नाही तर एकटीच रस्ता ओलांडेल ती."

"सांगतो हो. पण कुकर..."

"फोन लावल्याशिवाय कुकर मिळायचा नाही, सांगून ठेवते."

त्याने मुकाट फोन लावला. कुकर काही फटीत मावला नाही.

मित्रांनो, मी जन्मभर कोंडलेली आहे, त्याची सवय होते. पण त्या दिवशी मीच कुणालातरी कोंडलं होतं. ताईंचा घाम माझ्या पत्र्यावर टपकत होता आणि मला बोटभरही हलता येत नव्हतं. शेवटी काका धावत आले, वरच्या यंत्रखोलीत गेले, वीज तोडली आणि हाताने चाक फिरवत मला इंच इंच खाली आणलं. पन्नास मिनिटं लागली. दार उघडताच ताई शाळेकडे धावल्या. पोर वर्गात सुखरूप होती, हे मला काकांच्या बोलण्यातून कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम घड्याळ घेऊन दिवसभर माझ्या दारात उभ्या राहिल्या. प्रत्येक फेरी त्यांनी मोजली. महिन्याभरात जड माल त्या लांबच्या शेडमध्ये गेला.

तुम्हीही मोठेपणी कधी जागा निवडाल. नकाशा जरूर पाहा. पण तिथे ओझं कोण उचलणार, तेही विचारा. मला उत्तर देता येत नाही. माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा आणि त्याचं ऐका.

आता माझे दोर नवे आहेत, ओझंही बेताचं. ताई मात्र माझ्यात पाऊल ठेवत नाहीत. खोकं कमरेवर घेऊन जिन्याने उतरतात. भिंतीपलीकडून त्यांची पावलं ऐकू येतात, आणि मी रिकामी उभी असते.