दोन रिंगांची खुशाली

धनीबाईच्या तांड्यात फोन उचलायचा नसतो, कापायचा असतो. नाशिकला दिलेली तिची लेक संगीता रोज दिवेलागणीला दोन रिंगा द्यायची आणि धनीबाई लाल बटण दाबायची. लेक खुशाल, आई खुशाल, खर्च कोणालाच नाही. उचलायचा तो फक्त घरात मयत झाली तर. संगीताचा बाप गेला तेव्हा एकदा उचलला होता. त्याला चौदा वर्षं झाली.

फोन कंपनीचा महिना मात्र अठ्ठावीस दिवसांचा. त्या पंचांगाने पासष्ट पार केलेली धनीबाई केव्हाच सत्तरी ओलांडून गेली होती. यंदा पॅकही महागला, तेव्हा ती महागावला राजदीपच्या मोबाईल दुकानात गेली.

"हे बंद करून टाक बाबू. दोन रिंगांसाठी दोनशे रुपये मले परवडत नाही."

"बंद कराची गरज नाही मावशी. पॅक आज संपते. उद्यापासून फोन जाणं नाही, येणं नाही."

"संगीताची रिंग?"

"तेही नाही. आता वाजाचेही पैसे लागते. पण बोलता तरी किती तुम्ही?"

"बोलते कोण? कापतो आम्ही."

राजदीपने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. घर भाड्याने घेऊन अंगणात झोपणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, या पॅकात बोलणं फुकट असते. त्याचेच तर पैसे भरून राह्यल्या तुम्ही इतके वर्षं."

परतताना काळीपिवळी जीपमध्ये धनीबाई एकच हिशेब करत होती. पैसे भरलेलं आणि न बोललेलं ते बोलणं गेलं कुठे? बाहेर कापूस फुटला होता आणि पांढऱ्या रानाच्या टोकाला मोबाईलचा टॉवर उभा होता. तिला वाटलं, तिथेच पडलं असणार, वेचून ठेवलेल्या ढिगासारखं. संगीताचं पहिलं बाळंतपण, नातवाचा ताप, जावयाचा रुसवा, सगळं एकमेकांवर दडपलेलं. ती तांड्याच्या अलीकडेच उतरली आणि टॉवरच्या जाळीला तिने कान लावला. आत बारीक गुणगुण चालली होती. त्यातलं आपलं कोणतं, ते काही ओळखू येईना. एकदा कोणी तरी हसल्यासारखं वाटलं. ती ऊन उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

दिवेलागणीला फोन वाजला. अंगठा सवयीने लाल बटणावर गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून हिरव्यावर आणला आणि दाबला.

"याडी, कोण गेलं?" आईला हाक मारताना संगीताचा आवाज फाटला.

"कोणी नाही."

"मंग उचलला काहून?"

"फुकट हाय."



"माह्यावाला फोनही फुकट?"

"पैसे भरतं न? मंग हाय."

चौदा वर्षं कुठून उसवायला घ्यावीत, हे कोणत्याच पॅकात सांगितलेलं नसतं. तिकडे कुकरची शिटी झाली.

"काय टाकलं?"

"खिचडी. इकडची तूर शिजतच नाही, याडी."

"आपल्या वावरातली नेत जाय ना."

"तू कधी बोलली?"

धनीबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पोरी, तुह्ये पाय सुजते का अजून?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. तुही रिंग पाय ओढत आल्यावानी वाजे."

संगीता हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या मीच रिचार्ज मारतो तुह्या फोनात."

लेकीचा पैसा धनीबाईने आजवर घेतला नव्हता.

"मार," ती म्हणाली. "पण आता ठेवू नको."